तिसऱ्यांदा विचारा

बोर्गहिल्ड ट्वेट या शहाऐंशी वर्षांच्या बाईंनी गेल्या तीस दिवसांत चोवीस वेळा दुपारचं जेवण नाकारलं, नऊ वेळा आंघोळ नाकारली आणि एकेचाळीस वेळा कॉफी नाकारली, असं वृद्धनिवासाचं पत्र आलं. ते वाचलं तेव्हा त्यांची मुलगी कार्ला शाळेच्या बसगाड्यांच्या आगारात उभी होती. सबब, पत्रात पुढे लिहिलं होतं, बाईंची बुद्धी मंदावत चालली असून येत्या सोमवारी त्यांना चौदा नंबरच्या खोलीतून मागच्या कुलूपबंद विभागात हलवण्यात येईल.

जेवणाचं आणि आंघोळीचं एक वेळ समजण्यासारखं होतं. पण कॉफी? आईने एखादे वेळी श्वास घ्यायला नकार दिला असता, कॉफीला कधीच नाही. कार्लाने तशीच गाडी काढली.

बोर्गहिल्डबाई खिडकीशी बसल्या होत्या. समोर गोठलेलं तळं, आणि तळ्यावर हिरव्या छपराची एक लाकडी झोपडी. त्यांचे यजमान हिवाळाभर तिच्यात बसून बर्फाला भोक पाडून मासे धरायचे. यजमान जाऊन सहा वर्षं झाली, पण शेजारी अजून दर डिसेंबरात ती झोपडी इमानाने ओढून तिथे नेऊन ठेवतो. मागच्या विभागाच्या खिडकीतून कचऱ्याचे डबे दिसतात.

"आई, जेवलीस का?"

"कुठली जेवतेय! ती बाई दारात येते, जेवण हवं का म्हणते. मी म्हणते, नको गं, राहू दे. आणि ती जाते!"

"जाते म्हणजे?"

"जाते म्हणजे जाते! हॉटडिशचं वाफाळतं ताट घेऊन! नुसता वास ठेवते माझ्या नाकात!"

कार्लाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मिनेसोटातल्या त्या तळ्याकाठच्या गावात पहिल्यांदा विचारल्यावर हो म्हणणाऱ्याला लोक हावरट समजतात. पहिलं 'नको' संस्काराचं, दुसरं समोरच्याला जोखायचं. तिसऱ्यांदा विचारलं की 'बरं, एवढा आग्रहच असेल तर चवीपुरतं' म्हणायचं आणि ताट पुसून स्वच्छ करायचं. जुन्या स्वयंपाकघरातली ग्लॅडिस तिन्ही वेळा एका दमात विचारून मोकळी व्हायची. पण शरद ऋतूत निवास बाहेरच्या कंपनीने घेतला, ग्लॅडिस घरी बसली आणि कामवाल्या बायकांच्या हातात टॅब्लेट आले. एकदा विचारायचं, 'हो' किंवा 'नको' दाबायचं, की लगेच पुढच्या खोलीचं नाव येतं.

"अगं, मग हो म्हणायला काय झालं तुला?"

"पहिल्या फटक्यात? त्यापेक्षा उपाशी मेलेली बरी!"

व्यवस्थापक किंबॉल ॲरिझोनाहून आले होते आणि एकावर एक दोन स्वेटर घालून बसले होते. माणूस वाईट नव्हता. टॅब्लेटवर त्यांची श्रद्धा होती, एवढंच.

"आमच्याकडे रहिवाशाच्या नकाराचा मान राखला जातो, बाई."

"अहो, तो नकार नाहीये, ती प्रस्तावना आहे!"

"प्रस्तावनेचा रकाना नाही यात," किंबॉल हळहळून म्हणाले. "निर्णय मान्य नसेल तर हरकतीचा अर्ज देऊ का?"

"नको नको, तुम्हाला कशाला उगाच त्रास," कार्ला म्हणाली.

अठ्ठावन्न वर्षांचं वळण, जिभेवरून आपोआप घरंगळलं. किंबॉलनी 'नको'वर बोट टेकवलं: कुटुंबीयांची हरकत नाही. कार्ला थेट गाडीपर्यंत गेली, काचेवरचं बर्फ खरवडायला लागली आणि अर्ध्या काचेवर तिला कळलं की आपण काय करून बसलोय. ती खरवडणी हातात घेऊनच परत धावली.

"अर्ज हवाय मला!"

"पण तुम्ही तर आत्ताच..."

"मघाचं गेलं चुलीत! हवा म्हणजे हवा! आत्ता हवा!"

दिवाणखान्यात चित्रकोड्याचे तुकडे जुळवत बसलेले निवृत्त पाद्री दचकून उभे राहिले. त्या गावात इतक्या मोठ्याने कुणी काही मागितल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

शुक्रवारी बैठक ठरली. कार्ला आईला घेऊन टेबलाशी येऊन बसली. सरकारी तक्रार कार्यालयातून हाउगेनबाई आल्या. शेजारच्याच तालुक्यातल्या, उंचनिंच, पायांत जाड लोकरी मोजे. किंबॉलनी अगत्याने किटली उचलली.

"कॉफी घेणार?"

"नको, तुम्ही कशाला तसदी घेता."

किंबॉलनी किटली खाली ठेवली आणि आकडे वाचायला घेतले. चोवीस जेवणं, नऊ आंघोळी, एकेचाळीस कॉफ्या. हाउगेनबाईंची नजर पुन्हा पुन्हा किटलीकडे जात होती. शेवटी त्यांनी पेन खाली ठेवलं.

"किंबॉलसाहेब, तुम्ही मला कॉफी विचारलीत."

"हो. तुम्ही नको म्हणालात."

"एकदा," हाउगेनबाई म्हणाल्या. "मग आता माझीही रवानगी मागच्या विभागात का?"

किंबॉलचे कान लाल झाले. "पण मग माणसाच्या मनातलं ओळखायचं कसं? थांबा, आजींनाच विचारू. आजी, चौदा नंबरमध्येच राहायचंय का तुम्हाला?" आणि त्यांनी टॅब्लेटवर बोट रोखलं.

कार्ला खुर्चीत पुढे सरकली. एकदाच विचारलं होतं! आता आई म्हणणार, नको, माझ्यासाठी कशाला त्रास, आणि ते बोट खाली येणार. तिने टेबलाखालून आईला लाथ मारली. ती हाउगेनबाईंना लागली.

"हो," बोर्गहिल्डबाई म्हणाल्या.

किंबॉलचं बोट हवेतच राहिलं.

"हो म्हटलं मी. पहिल्याच वेळी. तिथून माझ्या नवऱ्याची झोपडी दिसते. मरायचं तेव्हा मरेन, पण त्या हिरव्या छपराकडे बघत मरेन, तुमच्या कचऱ्याच्या डब्यांकडे बघत नाही. म्हणा मला हावरट!"

कार्लाचे डोळे भरून आले. या बाईने लग्नालासुद्धा तिसऱ्या खेपेला होकार दिला होता.

हाउगेनबाईंनी हरकतीच्या अर्जावर मंजुरीची सही ठोकली. किंबॉल निमूटपणे टॅब्लेटवर हुकूम रद्द करायला लागले. टॅब्लेट टुणकन वाजला.

"काय म्हणतंय ते?" बोर्गहिल्डबाईंनी विचारलं.

"रद्द करायचं का, विचारतंय." त्यांनी 'हो' दाबलं. पुन्हा टुणकन.

"आता काय?"

"खरंच करायचं का, म्हणतंय." टुणकन. "आणि आता... नक्की ना, म्हणतंय."

"बघ गं कार्ला!" बोर्गहिल्डबाईंनी टेबलावर मूठ आपटली. "यांना तीनदा विचारतं मेलं, आणि मला एकदाच!"

किंबॉलनी टॅब्लेट पालथा घातला. किटली उचलली आणि ते हाउगेनबाईंच्या शेजारी जाऊन उभे राहिले.

"घ्या ना थोडी कॉफी."

"नको हो, राहू दे," हाउगेनबाई म्हणाल्या आणि त्यांनी कप पुढे सरकवला.

किंबॉल जागचे हलले नाहीत.