नागप्पाकाकांचं कानडी

बोलणाऱ्याचं वाक्य संपायच्या आतच नागप्पाकाकांचं भाषांतर तयार असतं. काका आमचे शेजारी. उदगीरच्या मोंढ्यात कर्नाटकातून तूर घेऊन येणारे शेतकरी आणि इथले आडते यांच्यातले दुभाषे तेच. एकदा एका शेतकऱ्याने नुसतं तोंड उघडलं, तोच काका म्हणाले, "भाव पटंना म्हणतोय!"

त्याला जांभई आली होती.

"आली आसंल की," काका ठाम. "पण जांभई नाराजीचीच व्हती!"

"आपलं भाषांतर म्हंजे सोनाराचा काटा. गुंजभर इकडं न्हाई की तिकडं न्हाई," हे त्यांचं पेटंट वाक्य. मी घरातला पहिला पदवीधर. निकाल लागला तेव्हा गल्लीभर पेढे काकांनीच वाटले. वर मला विचारलं, "काय साहेब, तुमच्या कालेजात आसलं भाषांतर शिकवतेत का?"

तेव्हा ताईला कलबुर्गीकडचं स्थळ आल्यावर मध्ये काकाच बसले. पाहुण्यांना मराठी येत नव्हतं, आम्हाला कानडी. मुलाच्या आईने आमच्या आमटीचा भुरका मारला, कपाळाला आठ्या पाडल्या आणि काहीतरी म्हणाल्या.

"चव लई आवडली म्हणतेत," काका.

आई खुलली! तिकडे विहीणबाईंनी पाण्याचा तांब्या रिकामा केला.

मग ताईच बोलली. "काका, त्यांना सांगा, मी नर्स आहे. लग्नानंतर नोकरी सोडणार नाही. चालेल का?"

बाबांनी डोळे मिटले. काका आता याचंही काहीतरी गोडधोड करून टाकणार! पण काकांनी टोपी सारखी केली आणि पहिल्यांदाच सावकाश, शब्द शोधत बोलले. विहीणबाईंनी ताईकडे पाहिलं. तिचा हात ओढून आपल्या सुजलेल्या गुडघ्यावर ठेवला आणि खळखळून हसल्या. भाषांतराची गरजच पडली नाही. लग्न जमलं!

लग्नाच्या दिवशी सासरी सोबत पाठराखीण कोण जाणार, यावर खल सुरू झाला. आत्याला प्रवास सोसत नाही, मावशीचं लेकरू लहान.

"मी जातो," काका म्हणाले.

मांडवभर हसू! आत्या म्हणाली, "अवो नागप्पा, पाठराखीण बाईमाणूस आसती!"

काका हसले नाहीत. माझ्या शेजारी येऊन बसले.

"तुमची गेलेली काकू तिकडलीच. लगीन झालं तवा मला कानडीतलं एक अक्षर येत नव्हतं. वरीसभर ती घरात गप ऱ्हायची, साहेब. मला वाटायचं, स्वभावच गरीब हाय."