हार्ड डिस्कचा यथोचित सत्कार

पाहुण्याला घरात घेण्याची आणि घरातून निरोप देण्याची रीत ज्याला कळली, तोच सुसंस्कृत होय. या कसोटीवर युनिक्स ही संगणकप्रणाली मूळची कोल्हापूरचीच ठरते (परदेशी लोक उगाच श्रेय घेतात). इतर संगणक बाहेरची हार्ड डिस्क ओळखपाळख नसताना आत घेतात. युनिक्स मात्र तिला उंबऱ्यावर थांबवते. आज्ञा देऊन एखाद्या फोल्डरमध्ये बसवल्याखेरीज ती आली असे मानतच नाही. निघतानाही रीतसर निरोपाची आज्ञा लागते. मध्येच ओढून काढल्यास लिहिलेले अर्धवट राहते.

आमच्या शिक्षणसंस्थेच्या लोकगीत कक्षात अशी नवी डिस्क आली, तेव्हा जुनी आतून कटकट वाजू लागली होती. तिच्यावर सीमाभागातल्या दिवंगत मल्लव्वांच्या आवाजातले पाळणे होते, निम्मे मराठी, निम्मे कानडी. दुसरी प्रत कुठेही नव्हती. त्यांची नात वर्षाराणी आपल्या तान्ह्या लेकराला ते ऐकवायला येणार होती. "एकदा वाचून दील, फुडं भरवसा न्हाय," असे जुन्या डिस्कबद्दल दुरुस्ती करणाऱ्याने बजावले होते.

निकड ओळखून संस्थेने तातडीने समिती नेमली. डिस्क ज्या फोल्डरमध्ये बसवायची त्याला नाव कोणाचे, विद्यमान अध्यक्षांचे की माजी अध्यक्षांचे, यावर दोन गट पडले. तिसऱ्या बैठकीत दोन्ही नावे जोडून तोडगा निघाला. (बैठकांचा बासष्ट टक्के वेळ मिसळीत गेला, उरलेला जादा कट मागवण्यात.)

अखेर कक्षप्रमुख निशिगंधा यांनी नवी डिस्क बसवली आणि जुनीवरून प्रत सुरू केली. वर्षाराणी लेकराला घेऊन शेजारी बसली. पाळण्यांची पाळी आली, तोच अध्यक्ष उदयसिंहदादा शाल, नारळ आणि फोटोग्राफर घेऊन आत आले.

"मॅडम, ती डबी द्या की हिकडं."

"दादा, प्रत चाललीय. थोडं थांबा."

"आवं, सत्कारमूर्तीच न्हाय तर फोटो कुणाचा काढायचा? माजा एकट्याचा?"

"निदान आज्ञा देऊन—"

"दिली की आज्ञा!" म्हणत दादांनी वायर उपसली.

ज्या जिल्ह्यात चहा घेतल्याविना पाहुण्याला उठू देत नाहीत, तिथे डिस्क अशी उठली. तिला शाल गुंडाळण्यात आली. शाल उतरवून ती पुन्हा जोडली, तेव्हा पाळण्यांची एकही फाइल उघडेना. जुनी डिस्क तोवर कायमची गप्प झाली होती.

"आज्जीचं काय झालं?" वर्षाराणीने विचारले.

"बघतो की. पुण्याला धाडू," दादा म्हणाले आणि सत्काराचा नारळ त्यांनी तिच्या ओटीत घातला.

फोटो मात्र उत्तम आला. तो आज हजारो मोबाइलमध्ये सुरक्षित आहे; इतक्या प्रती मल्लव्वांच्या वाट्याला कधीच आल्या नाहीत. तुम्हीही त्याखाली 'हार्दिक अभिनंदन' लिहिलेत (संस्था आपली आभारी आहे). कशाबद्दल, हे तेवढे विचारले नव्हतेत.