खिंडीतली कात्री

सामान बांधावं तर मीच! ही बढाई नाही. काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात मी पॅकिंग खात्याचा प्रमुख आहे, आणि माझ्या हाताखालून गेलेलं खोकं गच्चीवरून फेकलं तरी आत एकही बाटली हूं की चूं करत नाही. त्यामुळे वसंतात बर्फ हटवून उंचावरच्या खिंडी उघडल्या की मोटरसायकलवरून तिकडे जायचं असं ऑफिसातल्या मंडळींनी ठरवलं, तेव्हा मी जाणारच याबद्दल मला तरी शंका नव्हती.

शंका कॅप्टनला होती. कॅप्टन म्हणजे हिशेब खात्यातले आमचे सहकारी. ते त्या खिंडी ओलांडून आलेत आणि जेवणाच्या सुट्टीत रोज नव्याने ओलांडतात.

"वर गाडी आडवी झाली तर उचलायला कोण येणार?" ते म्हणाले. "रविवारी सकाळी तुमच्या घरी येतो. सामान लादलेली गाडी आडवी पाडायची आणि एकट्याने उभी करायची. जमलं तर चला, नाहीतर घरी बसा!"

"हात्तिच्या! एवढंच ना?"

घरी हे सांगितलं तर बायको हसतच सुटली. "अहो, तुम्हाला गॅसचा सिलिंडर सरकवता येत नाही!"

"सिलिंडरला चाकं कुठे असतात?" मी तिला गप्प केलं. म्हणजे ती हसत असल्यामुळे बोलू शकली नाही.

पण खरं सांगतो, मला जायचंच होतं. माझ्या बाटल्या समुद्रापार गेल्या, मी मात्र घर ते कारखाना आणि कारखाना ते घर. निदान एकदा तरी ढगांच्या वर उभं राहून खाली बघायचं होतं.

रविवारी सकाळीच मी इमारतीच्या पार्किंगमध्ये गाडीवर सामान चढवलं. तंबू, स्टोव्ह, स्वेटर, आईने बळेच दिलेली गरम पाण्याची पिशवी, सगळं फुग्यांच्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून बॅगेत भरलं. वरून कारखान्यातली नायलॉनची पट्टी! ही पट्टी आवळायला हातात धरायचं यंत्र लागतं, आणि एकदा आवळली की कापल्याशिवाय सुटत नाही. मग जाड जॅकेट, हातमोजे, हेल्मेट असा सगळा थाट करून गाडीवर बसलो आणि शेवटची पट्टी बसल्या जागेवरूनच, हात मागे नेऊन आवळली. कट्ट! काय सुंदर आवाज असतो तो!

तेवढ्यात कॅप्टन आले. मी उतरायला गेलो, तर जॅकेट येईना. त्याचा पट्टाही सामानाबरोबर आवळला गेला होता.

"उतरा की," कॅप्टन म्हणाले.

"इथूनच बरं आहे!" मी हेल्मेटच्या आतून ओरडलो.

वर बाल्कनीत आई. "अरे, पाहुणे आलेत आणि तू गाडीवर बसून काय बोलतोस? खाली उतर आधी!"

"आई, मी नंतर उतरतो!"

"नंतर म्हणजे कधी? जेवायला तरी येणार आहेस ना?"

मी अंगाला एक जोरदार हिसका दिला. जॅकेट सुटलं नाही, गाडीचा स्टँड सुटला. गाडी सावकाश, अगदी मानाने आडवी झाली, आणि तिच्याबरोबर मीही. प्लॅस्टिकचे फुगे फट्‌फट् फुटत राहिले. आतली एकही वस्तू फुटली नाही, हे मी आजही अभिमानाने सांगतो.

"चला, गाडी पाडून तर झाली," कॅप्टन म्हणाले. "आता उचला!"

"आधी मला सोडवा!"

"कात्री कुठाय?"

"आहे ना! कात्रीशिवाय मी पॅकिंग करतच नाही."

"पण कुठाय?"

"बॅगेत." मी आवाज खाली आणला. "धारदार वस्तू नेहमी सगळ्यात खाली ठेवायची. आमच्या खात्याचा नियम आहे."

शेवटी बायको स्वयंपाकघरातली सुरी घेऊन धावत आली. तिने मला कापून मोकळं केलं, म्हणजे पट्टी कापून. मग ती गाडीकडे पाठ करून खाली बसली, एका हाताने हँडल धरलं, दुसऱ्याने मागची दांडी, आणि पाय रेटत रेटत मागे सरकली. गाडी सामानासकट उभी!

"बाबांच्या गॅरेजात लग्नाआधी हेच तर करायचे मी," हात झटकत ती म्हणाली.

"मला कधी बोलली नाहीस!"

"तुम्ही कधी विचारलंत?"

कॅप्टन माझ्याकडे बघतच नव्हते. "वहिनी, गाडी चालवता?"

"चालवायचे. आता यांच्या मागे बसते."

"मग वसंतात काय करताय?"

ती नुसती गाडीच्या टाकीवरून हात फिरवत राहिली. असा हात तिने माझ्या डोक्यावरूनसुद्धा कधी फिरवला नव्हता! मला वाईट वाटलं, खूप वाटलं. पण ढगांच्या वरून बघायची हौस एकट्या मलाच असेल, असं मी का धरून चाललो होतो, कोण जाणे.

"जा तू," मी म्हणालो. "पण एक अट आहे. सामान मी बांधणार!"

आणि बांधलं! यंत्राने, दुहेरी पट्ट्या मारून.

परवा मी आणि आई चहा पीत बसलो होतो, तेव्हा बायकोचा फोन आला. मागे वारा घोंघावत होता.

"अहो, खिंडीच्या माथ्यावर पोचले! ढग चक्क पायाखाली आहेत! तुम्ही हवे होतात हो."

आईलाही ऐकू जावं म्हणून मी फोन स्पीकरवर टाकला.

"पण इथे मरणाची थंडी आहे, स्वेटर काढायचाय आणि तुमची बॅग कुणालाच उघडत नाहीये. कॅप्टनसाहेब दातांनी बघतायत. कात्री दिली होतीत ना?"

"दिली तर! कात्री मी कसा विसरेन?"

"कुठे ठेवलीय?"

मी आईकडे बघितलं. आईने कपाळाला हात लावला.

त्यानंतर फोन कट झाला. खिंडीत म्हणे रेंज नसते. रेंजच गेली असणार!