न बोलावलेल्यांची बोळवण

या, असे जवळ सरकून बसा. मागच्यांनीही पुढे यावं. जागा भरपूर आहे आणि गोष्ट हळू आवाजात सांगण्यासारखी आहे. एका संगणकात शिरलेल्या आगंतुकांची आणि त्यांना घालवायला निघालेल्या एका सत्शील गृहस्थाची ही कथा. चित्त देऊन ऐकलीत तर पुण्य लागेलच असं नाही, पण दुपार वाया गेली असंही वाटणार नाही.

मनुष्य आणि इतर प्राणी यांत मुख्य भेद हा, की मनुष्याला भीड पडते. मांजराला नको असलं की ते उठून जातं. मनुष्य ‘थोडंच वाढा’ म्हणतो. या एका सद्गुणावर लग्नं टिकतात, सभा चालतात आणि जाहिरातींचा फार मोठा व्यवसाय उभा राहतो. देवसुद्धा हाक मारल्यावाचून येत नाही. संगणकातले हे आगंतुक मात्र न बोलावता येतात, आल्यावर जात नाहीत, आणि जा म्हटलं तर आपल्यालाच विचारतात, की तुमचं काही बिनसलंय का.

आमच्या शेजारी मास्तर राहतात. जन्मभर व्याकरण शिकवून निवृत्त झालेले. घरात ते आणि मास्तरीणबाई; लेक चिमी (वय तिशीपार, पण नाव बदलायची तरतूद नाही) लांब परदेशी. मास्तरांनी शुद्धलेखन तपासणारा एक फुकटचा प्रोग्राम संगणकावर उतरवला, तेव्हा मध्येच एक चौकट आली: ‘यासोबत आमची हवामानपट्टीही घ्या.’ शेजारी बरोबरची खूण आधीच केलेली होती. तुम्हीआम्ही ती काढली असती. पण मास्तरांनी हयातभर अशा खुणा स्वतःच्या हाताने केलेल्या. कुणीतरी तपासून बरोबर दिलेलं उत्तर चूक ठरवणारे आपण कोण, अशा न्यायबुद्धीने त्यांनी ती राहू दिली आणि ‘पुढे’ म्हटलं. पुढच्या चौकटीतलं उत्तरही बरोबरच निघालं. त्याच्या पुढचंही. पेपर पैकीच्या पैकी सुटला आणि संगणक भरला.

सर्वांत वर हवामानपट्टी. (तिच्यात कायम ऊन असे. खिडकीबाहेर काय चाललंय याच्याशी तिला कर्तव्य नव्हतं.) तिच्याखाली सवलतींची पट्टी, तिच्याखाली भविष्याची, मग एक जी कशाची आहे हे कुणालाच कळलं नाही, इमारतीच्या मजल्यांसारख्या एकाखाली एक. तळाशी फट उरली होती, तिच्यातून जग दिसे. आमच्या पाहणीनुसार (पाहणी मी केली, चहा उकळेपर्यंत) पडद्याचा तीन चतुर्थांश भाग पाहुण्यांकडे आणि उरलेला मालकाकडे होता, आणि पाहुण्यांपैकी शंभर टक्के या वाटणीबद्दल समाधानी होते.

ब्राउझर उघडला की नेहमीच्या पानाऐवजी ‘शोधसम्राट’ नावाचं पान येई. या सम्राटाकडे भेदभाव नव्हता. मास्तरांनी ‘अनुस्वार’ शोधला, त्याने गुडघ्याचा पट्टा दाखवला. एका अभंगाचा अर्थ विचारला, तरी गुडघ्याचाच पट्टा. अंतिम सत्य एकच आहे असं मानणाऱ्या थोर परंपरेतला तो असावा. शिवाय मधूनमधून एक खिडकी उघडून सांगे, ‘अभिनंदन, आपण आमचे भाग्यवान पाहुणे आहात.’ कोण कुणाचा पाहुणा, हा विचार मास्तरांच्या मनात येऊन गेला, पण अभिनंदन नाकारणं त्यांना जमलं नाही. (निवृत्तीच्या समारंभात त्यांचं अभिनंदन राहूनच गेलं होतं. वेळ प्रमुख पाहुण्यांनी घेतला.)

असं सगळं गुण्यागोविंदाने चाललं असताना चिमीला मुलगा झाला. संध्याकाळी पाच वाजता ती संगणकावरून बाळ दाखवणार, असा निरोप आला. घरातले फोन बटणांचे, त्यांच्यातून फक्त आवाज येतो, आणि नातू आवाजावरून ओळखायचा म्हणजे सगळी बाळं सारखीच. मास्तरीणबाईंना त्याचं नाक बघायचं होतं. सासरच्यांचं आलंय की आपलं, यावर त्यांचा पुढचा बराच आनंद अवलंबून होता.

“पाचच्या आत ही धर्मशाळा रिकामी करा,” त्या म्हणाल्या.

“अगं, एकदम कसं काढायचं? रीत असते काही.”

“येताना होती का त्यांना?”

मास्तर कामाला लागले. निष्कासनाची प्रक्रिया दिसायला सोपी आहे: यादी उघडायची, नको ते निवडायचं, ‘काढा’ म्हणायचं. मास्तरांनी सवलतपट्टीला ‘काढा’ म्हटलं. लगेच एका रडवेल्या पिल्लाचं चित्र आलं. ‘आमचं काय चुकलं? कारण सांगाल?’ खाली पर्याय होते. मास्तरांनी ‘इतर’ निवडला आणि ‘सप्रेम नमस्कार विनंती विशेष’ पासून सुरुवात करून सविस्तर लिहिलं, की तुमचा दोष काहीच नाही, घरात जरा मंगल प्रसंग आहे, गैरसमज नसावा. पिल्लाचा चेहरा खुलला. ‘मग आणखी एक महिना राहू?’

“काय म्हणतंय ते?” बाईंनी आतून विचारलं.

“महिनाभर राहतो म्हणतंय.”

“आणि तुम्ही काय म्हणालात?”

मास्तरांनी ‘अवश्य’ हे बटण आधीच दाबलं होतं.

भविष्याच्या पट्टीने निराळा मार्ग धरला. ‘काढणं रद्द न करण्याचा निर्णय आपण मागे घेणार नाही, असं नाही ना?’ असं तिने विचारलं. खाली दोन बटणं, ‘हो’ आणि ‘नाही’. इथे मास्तरांच्या डोळ्यांत जुनी चमक आली. त्यांनी पाटी काढली, वाक्याचं पृथक्करण केलं, नकार मोजले, नकारातून नकार वजा केले, आणि ‘नाही’ हेच निर्विवाद उत्तर आहे असं सिद्ध करून ते दाबलं. व्याकरण अचूक होतं. भविष्याच्या पट्ट्या एकीच्या दोन झाल्या.

शेवटी दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने खुर्ची ओढली, पडदा पाहिला आणि त्याला आदराने हात जोडले.

“सर, हे सगळे तुम्हीच आत घेतलेत.”

“मी फक्त कुणाला दुखावलं नाही,” मास्तर म्हणाले.

त्याने भराभर प्रोग्राम काढले. मग ब्राउझरच्या आत चिकटलेल्या जोडण्या काढायला गेला, तर सूचना आली: ‘हा ब्राउझर आपल्या संस्थेच्या नियंत्रणाखाली आहे.’

“कुठली संस्था?” मास्तर चपापले. “मी कुठल्याच संस्थेचा सभासद नाही.”

“लग्नसंस्था असेल,” बाई म्हणाल्या. “पण तिचं नियंत्रण असतं तर हे झालं नसतं.”

“काकू, संस्था वगैरे काही नसते. घुसलेलेच अशी पाटी लावून बसतात,” दुरुस्तीवाला म्हणाला. त्याने पाटी उतरवली, शोधसम्राटाला पदच्युत केलं आणि एका बटणावर बोट ठेवलं. “आता मूळ स्थितीत आणतो. जे काही चिकटलंय ते सगळं जाईल. दाबू?”

“एकदम सगळं?” मास्तर घुटमळले. “हवामानपट्टी तेवढी ठेवा. ती सभ्य आहे. तिने कधी काही मागितलं नाही.”

दुरुस्तीवाल्याने बाईंसाठी मागे वळून पाहिलं. बाई तेव्हा नेमक्या केस विंचरायला आत गेल्या होत्या. त्याने खांदे उडवले, बटण न दाबता पट्टी ठेवली आणि तो गेला. सभ्य पट्टीने तो जिना उतरेपर्यंत वाट पाहिली आणि मग एकेका भावंडाला हाक मारली.

पाचला घंटी वाजली. चिमीचा आवाज आला, “आई, दिसतोय का?”

तळाच्या फटीत दोन इवलीशी पावलं होती. वर, जिथे चेहरा असायला हवा तिथे, ‘आपले केस गळतात का?’ असा प्रश्न होता. बाळाच्या बाबतीत तो अगदीच गैरलागू नव्हता.

“छान दिसतोय गं,” मास्तर म्हणाले. “अगदी तुझ्यावर गेलाय.”

“काय गेलाय? टाचा?” बाई म्हणाल्या. “चिमे, खोटं बोलतायत हे. मला नुसते पाय दिसतायत.”

चिमीने फोन खाली नेला, वर नेला, तिरका केला. त्या फटीतून आजीने नातवाचे गुडघे पाहिले, मग बेंबी, एक कोपर, अर्धा कान. नाक आलं की जाहिरात सरके आणि नेमकी नाकावर बसे. ती बंद करायच्या फुलीवर बाण नेला की फुली पळे.

“उठा तुम्ही,” बाई मास्तरांना म्हणाल्या.

त्या खुर्चीत बसल्या. ‘मूळ स्थितीत आणा’ दाबलं. ‘खरंच?’ हो. ‘हवामानपट्टीही जाईल.’ जाऊ दे. ‘पुन्हा एकदा विचार करा.’ बाईंनी विचार केला नाही. मास्तरांनी डोळे मिटून घेतले होते. पडदा रिकामा झाला. वर्षभरात पहिल्यांदा त्याचा रंग पांढरा आहे हे कळलं. या भानगडीत चिमीही तुटली होती, तिला पुन्हा जोडली.

“आई, आता झोपला गं तो, तोंड फिरवून,” ती म्हणाली. “उठवत नाही. एक छान फोटो पाठवलाय ना तुला. तो उघडायला एक छोटंसं काहीतरी उतरवून घ्यावं लागेल. फुकट आहे.”

पडद्यावर अटी आल्या. लांबलचक होत्या, खाली खाली जातच राहत होत्या, आणि तळाशी ‘मान्य’ असं बटण होतं.

“अगं, आधी वाच तरी,” मास्तर म्हणाले. हे त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच निघालं होतं.

बाईंनी चष्मासुद्धा लावला नाही. बटण दाबलं. फोटो उघडला. नाक मास्तरांचं होतं. बाईंनी पदर डोळ्यांना लावला. मग चौकटीच्या वरच्या कडेला एक ऊन उगवलं, त्याच्याखाली एक पट्टी उलगडली आणि शोधसम्राटाने पुन्हा राज्यकारभार हाती घेतला.

तर मंडळी, हसून झालं असेल तर सांगा, अशा अटी शेवटपर्यंत कुणी वाचल्यात? हात वर करा. राहू द्या, अवघडल्यासारखं वाटायला नको. एवढंच करा: पुढच्या वेळी न वाचता ‘मान्य’ दाबाल, आणि दाबालच, तेव्हा आमच्या मास्तरीणबाईंची क्षणभर आठवण ठेवा. त्यांना निदान नातवाचं नाक बघायचं होतं. तुम्हाला काय बघायचं होतं?