शेषरावांनी दूध सोडलं

शेषरावांनी एकदा ठरवलं, की खुद्द डेप्युटी कमिशनर घोड्यावर बसून समजवायला आले तरी ते मागं हटत नसत. हे शेषराव स्वतःच सांगत. त्यांची बायको पार्वताबाई वेगळं सांगायची, पण तिला विचारतो कोण!

अंजनगाव सुर्जीला त्यांचा पानमळा होता. विड्याची पानं विकायला ते अमरावतीला गेले आणि तिथं एका स्वामींचं भाषण ऐकून आले. दूध वासराचं, मध माशीचा, कातडं ज्याचं त्याचं. माणसानं त्याला हात का लावावा? शेषरावांना घरची गाय आठवली, धार काढताना दाव्याला ओढ घेणारं तिचं वासरू आठवलं, आणि भर सभेत त्यांना रडू फुटलं. वाहाणा तिथंच सोडून ते अनवाणी घरी आले.

"आजपासून या घरात दूध, दही, तूप बंद. वाहाना बंद. लोकरीचं घोंगडं बी नको."

"अन् सत्यवतीले पाहाले अकोल्याचे पाहुने येऊन राहिले, त्याईले काय वाढू? तुमचं भाषन?" पार्वताबाईनं विचारलं.

"खरं ते सांगू. खऱ्याले काय भेव?"

मळ्यात मोट हाकणाऱ्या नत्थुजीनं मात्र त्यांना पेचात टाकलं. "मालक, आपली मोट कायची हाय?"

मोट चामड्याची होती, ओढणारे बैल होते, आणि दोन दिवस पाणी चुकलं की पानवेल मान टाकते. शेषरावांनी मोटेकडे पाहिलं, वेलांकडे पाहिलं आणि मोटेला व्रतातून सूट दिली. नत्थुजीनं शेणखताचं विचारायच्या आत ते तिथून सटकले. त्या दिवसापासून विडा चघळताना आपण नक्की कोणाच्या वाट्याचं खातोय, हे त्यांना कळेनासं झालं.

अकराव्या दिवशी पाहुणे आले. मुलाचे वडील महादेवराव आणि मुलाची आत्या मैनाबाई. सत्यवतीला आधी दोन स्थळांनी नाकारलं होतं. हे तरी जुळावं म्हणून पार्वताबाईनं देव पाण्यात ठेवले होते.

यजमान अनवाणी सामोरे आले. बसायला गोणपाट अंथरलं होतं. चहा आला तो कोरा. पुरणाचा बेत पार्वताबाईनंच रद्द केला होता, कारण बिनतुपाची पोळी वाढून माहेरचं नाव घालवायची तिची तयारी नव्हती. पानात नुसता वरण-भात पडला. पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

"कधी झालं जी?" महादेवरावांनी आवाज उतरवून विचारलं.

व्रताची बातमी थेट अकोल्यापर्यंत पोचली! शेषराव फुलून गेले. "आज अकरावा दिवस. अमरावतीलेच झालं."

"अचानक?"

"बसल्या जागी."

"घरच्याईले लय जड गेलं असन," मैनाबाई म्हणाली.

"बायको रडली दोन दिवस. आता सावरली."

"मंग, तेरा दिवस पाळान?"

"तेरा कावून? जन्मभर पाळीन."

मैनाबाईनं कपाळाला हात लावला. मुलगी पाहायचं नावही न काढता दोघं उठले आणि मुकाट्यानं चालू लागले.

पार्वताबाई धावत बाहेर आली. "जातानी 'येतो' म्हनले काय?"

"नाई."

ती मटकन खाली बसली. "अवो, सुतकाच्या घरून निघतानीच लोक 'येतो' म्हनत नाईत. अनवानी मानूस, कोरा चहा, ना तूप ना गोड. त्याईले वाटलं, घरात कोनी मेलं. पोरीचं गेलं हेबी स्थळ!"

शेषराव तसेच अनवाणी मोटर अड्ड्याकडे पळाले. अकोल्याची मोटर सुटायच्या बेतात होती. धापा टाकत त्यांनी सगळं सांगितलं. मैनाबाईचा विश्वास बसेना.

"तुमच्या वयाचा मानूस दूध सोडते काय? सुतक लपवून राहिले तुमी." तिनं पिशवीतून पुडा काढला. सोयरीक ठरली तर द्यायला तिनं आपल्या हौसेनं आणलेले पेढे होते ते. "सुतक नसन तर हा पेढा खाऊन दाखवा."

शेषरावांना ते वासरू दिसलं. मग सत्यवती दिसली. त्यांनी डोळे मिटले आणि पेढा तोंडात टाकला.

मैनाबाईचा चेहरा उजळला. महादेवरावांचा मात्र पडला. "म्हंजे खरंच दूध सोडलं होतं तुमी?"

शेषरावांनी मान डोलावली.

"आमच्या देवीदासानं बी सोडलं. तोच स्वामी, तेच भाषन. तुपाच्या घरची पोरगी करनारच नाई म्हनते. चार घरं आमाले हासली. आता हे एक घर सापडलं होतं, अन् तुमी पेढा खाल्ला."

शेषरावांनी घाईघाईनं फुगलेल्या गालाकडे बोट दाखवलं. पेढा अजून गिळला नव्हता.

"मंग थुका," महादेवराव म्हणाले.

"थुकला तं सुतकच समजीन मी," मैनाबाई म्हणाली.

मोटरवाल्यानं भोंगा वाजवला. शेषराव गाल फुगवून उभे होते आणि पेढा तोंडात विरघळत होता.

लग्न वैशाखात झालं, बिनतुपाचं. नवरदेव सासऱ्याच्या पाया पडला आणि म्हणाला, असा व्रताचा पक्का माणूस पाहिला नाही. पेढ्याचं पुढं काय झालं, हे शेषरावांनी जावयाला शेवटपर्यंत सांगितलं नाही.