निरोपाला भरती

इबू रेत्नोवातींच्या निरोपसमारंभात आपलं भाषण नीट ऐकू यावं म्हणून संचालक पाक हर्जंतोंनी पंपच बंद करायला लावला. शहर समुद्राच्या पातळीखाली आणि हे निचरा खात्याचे प्रमुख.

तिकडे बाईंना मानाने इबू म्हणतात आणि साहेबांना पाक. इबू खात्यातल्या पहिल्या स्त्री अभियंता. रुजू झाल्या त्या दिवशी त्यांच्या हातात कॉफीचा ट्रे दिला गेला होता. पुढे पंपघर त्यांनी उभारलं, कोनशिलेवर नावं लागली तीन पुरुषांची. त्यातल्या एकाने तर पंप पाहिलाही नव्हता. आता त्यांची एकच इच्छा होती, पंपघर निंग्रुमच्या हाती जावं. ती त्यांच्याच हाताखाली तयार झालेली अभियंता. हर्जंतोंनी मात्र आपल्या भाच्याचं, बायूचं, नाव जवळजवळ पक्कं केलं होतं. पंपाच्या आवाजाने बायूचं डोकं दुखे.

मांडव कचेरीच्या अंगणात. पाऊस येऊ नये म्हणून रिवाजाप्रमाणे पाऊस अडवणारा बुवा बोलावला होता. खात्यातल्या अभियंत्यांचा पंपापेक्षा त्याच्यावरच अधिक भरवसा. आभाळ खरोखर लख्ख होतं.

"या बाईंनी शहरात थेंबभर पाणी शिरू दिलं नाही," हर्जंतो माईकवर म्हणाले, तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या पाहुण्यांनी पाय वर घेतले. गटार उलटं वाहू लागलं होतं. हर्जंतोंनी बुवाकडे डोळे वटारले.

"साहेब, मी पाऊस अडवतो. समुद्र तुमच्या खात्यात येतो," बुवा म्हणाला आणि चपला हातात घेऊन चालू लागला.

बायू पंपघरात गेला तसाच परत आला. कुठलं बटण दाबायचं ते त्याला ठाऊक नव्हतं. पिवळ्या भाताचा मानाचा डोंगर टेबलासकट डुलू लागला. हर्जंतो माईकसह खुर्चीवर चढले.

"इबू, पंप लावा ना."

"मी दुपारीच निवृत्त झाले, पाक. पंपघर आता कोणाचं?"

"जो लावेल त्याचं."

"नाव घ्या. सगळे ऐकताहेत."

पाणी खुर्चीच्या बैठकीला टेकलं.

"निंग्रुमचं," हर्जंतो म्हणाले. कर्ण्यातून ते अख्ख्या गल्लीने ऐकलं.

निंग्रुमने बटण दाबलं, पंप धडधडला. पाणी ओसरल्यावर हर्जंतो मोजे पिळत कुरकुरले, "आजचा दिवस ठरवला तरी कोणी?"

"मी. तारीख, मांडव, जेवण ही बायकांची कामं, असं तुम्हीच म्हणाला होतात," इबू म्हणाल्या.

इबूंनी भाताच्या डोंगराचा मानाचा शेंडा कापून निंग्रुमला वाढला. पौर्णिमा होती. महिन्यातली मोठी भरती याच सुमारास येते, हे त्या खात्यात दोघांनाच ठाऊक होतं, आणि त्या दोघी एकाच ताटात जेवत होत्या.