फ्रीजकाकांची दमट पेटी

"दमटपणा? तो मला शिकवता?" फ्रीजकाका असे हसले की खुर्ची करकरली. "अहो, चाळीस वर्षं मी दुसरं केलं काय!"

खरं म्हणजे चाळीस वर्षं त्यांनी नेमकं उलटं केलं होतं. ते फ्रीज दुरुस्त करायचे. दमटपणा दिसला रे दिसला की त्याला बाहेर काढायचा, हाच त्यांचा धंदा. पण बोलण्याच्या भरात हा फरक त्यांच्या लक्षात आला नाही, आणि टेबलाभोवती बसलेल्या कुणी तो लक्षात आणून दिला नाही.

टेबलावर दहा सिगार होते. ते आणले होते व्याह्यांनी. व्याही दातांचे डॉक्टर. तंबाखूचे तोटे सांगण्यात त्यांची हयात गेली, आणि एका खूश झालेल्या पेशंटनं त्यांना भेट काय द्यावी, तर दहा सिगार!

"घरी ठेवायची सोय नाही हो," व्याही म्हणाले. "आमच्या हिला नुसती काडेपेटी उघडल्याचा वास येतो. तुमच्याकडे ठेवा. महिन्याच्या शेवटच्या रविवारी येतो, दोघं मिळून ओढू. फक्त वाळू देऊ नका. सिगार दमट जागी ठेवावे लागतात."

यावरच काकांनी ती बढाई मारली होती. आणि यावरच त्यांची मुलगी फिस्सकन हसली.

"बाबा सांभाळणार?" ती सासऱ्यांकडे वळली. "पप्पा, आईनं लावलेल्या अकरा कुंड्या होत्या. आईला जाऊन सहा महिने झाले. गॅलरीत जाऊन बघा. आता अकरा कुंड्या माती आहे!"

"मी पाणी घालत होतो!"

"हो ना! निवडुंग कुजला बाबा! निवडुंग!"

मुलीनं तेवढ्यात डाव साधला. "सहा महिने सांगतेय, आमच्याकडे राहायला चला. आता सोक्षमोक्षच लावू. हे दहा सिगार महिनाभर नीट ठेवून दाखवा. जमलं तर मी पुन्हा विषय काढणार नाही. वाळले किंवा बुरशी आली, तर सामान बांधायचं!"

मुलीचं घर चांगलंच होतं. पण ते विहीणबाईंचं घर होतं. तिथं चपला भिंतीकडे तोंड करून ठेवाव्या लागत, आणि पाणी पिताना घशाचा आवाज झाला तर विहीणबाई वर्तमानपत्राच्या वरून बघत. आणि इथं? इथं बायकोची खुर्ची होती. तिचे डबे होते. 'साखर' अशी चिठ्ठी लावलेल्या डब्यात मीठ का असतं, हे जगात आता फक्त फ्रीजकाकांना माहीत होतं. हे सगळं सोडून जायचं?

"लागली पैज!" काका गरजले.

दुसऱ्या दिवशी ते सिगारच्या दुकानात हजर. दुकानदार म्हातारा, नाकाच्या टोकावर चष्मा. त्यानं समजावलं की सिगारसाठी खास लाकडी पेटी असते, तिला ह्युमिडोर म्हणतात. आतून सुवासिक लाकडाचं अस्तर, झाकणाच्या आत ओलाव्याचा स्पंज, पुढे आर्द्रता दाखवणारा काटा.

"पहिलाच का?" दुकानदारानं विचारलं.

"पेटी पहिली. झाकणं हजारो पाहिलीत," काका म्हणाले, आणि त्यांनी खिशातून कागदाचा कपटा काढला.

फ्रीजचं दार नीट बसतंय का, हे पाहायला दारात कागद धरून दार लावतात आणि कागद ओढतात. सहज निघाला तर रबर गेलं! काकांनी पहिल्या पेटीत कागद धरला, झाकण लावलं, ओढला. निघाला.

"नापास!"

दुसरी, नापास. तिसरी, नापास. चौथी पेटी काचेच्या झाकणाची होती, दुकानाची शान. काकांनी तिच्या बिजागरीवर टिचकी मारली, कान लावला आणि चेहरा असा केला की जणू घरच्यांना वाईट बातमी सांगायची आहे.

"साहेब, तुम्ही घ्यायला आलात की परीक्षा घ्यायला?" दुकानदार रडकुंडीला आला.

सातव्या पेटीत कागद अडकला. इतका अडकला की फाटला. काकांचा चेहरा उजळला. "हीच!"

दुकानदारानं सुटकेचा निःश्वास सोडला आणि कागदावर मुद्दे लिहून दिले. कोरडं लाकूड सिगारमधलाच ओलावा पिऊन टाकतं, म्हणून आधी लाकडाला पाणी पाजायचं. डिस्टिल्ड पाण्यानं आतून हलकं पुसायचं, भिजवलेला स्पंज आत ठेवायचा, झाकण लावायचं. काटा सत्तरच्या आसपास स्थिर झाला की मग सिगार ठेवायचे. "आणि तोवर," त्यानं बोट उगारलं, "झाकण उघडायचं नाही!"

"हे तुम्ही मला सांगता? नवा फ्रीज घेणाऱ्या प्रत्येकाला मी बजावायचो, आधी रिकामा चालवा, आतला थंडावा स्थिर झाल्याशिवाय आत वाटी ठेवू नका. आणि दार उघडू नका!"

घरी येऊन काकांनी पेटी पुसली, स्पंज ठेवला, झाकण लावलं. दहा मिनिटं बसले. मग त्यांना शंका आली की स्पंज सरकला तर नसेल? त्यांनी झाकण उघडलं. नव्हता सरकला. लावलं. आता ते उघडल्यामुळे ओलावा गेला असेल का, हे पाहायला पुन्हा उघडलं.

चाळीस वर्षं ज्या गिऱ्हाइकांना 'आतला दिवा विझतो का बघायला दार उघडू नका' म्हणून झापलं, त्या सगळ्यांचा सूड त्या पेटीनं घेतला! काटा बावन्नच्या वर सरकेना.

मग काकांनी एक जुनी वही काढली आणि दर अर्ध्या तासाला आकडा लिहायला सुरुवात केली. स्पंजाच्या जोडीला ओला रुमाल ठेवला. काटा चौऱ्याऐंशी! काका घाबरले. आणि घाबरलेल्या माणसाचा हात सवयीनं जातो तिकडेच गेला. त्यांनी हत्यारांच्या पेटीतून ओलावा शोषणाऱ्या सहा पुड्या काढल्या, फ्रीजच्या नळीतलं पाणी वाळवतात तसल्या, आणि ठेवल्या आत. संध्याकाळपर्यंत काटा अडतीस! वाळवंटात पाऊस मोजावा तसा. पुड्या काढल्या, ओला टॉवेल कोंबला. काटा एक्क्याण्णव!

असं साडेतीन आठवडे चाललं. काटा वर गेला की काका पंखा लावायचे, काटा खाली आला की धावत जाऊन बंद करायचे. दाढी करायचं भान राहिलं नाही. जेवण मात्र वेळेवर व्हायचं, कारण पेटी स्वयंपाकघरात होती आणि एक वाजता आकडा लिहायला तिथं जावंच लागायचं.

शेवटच्या शनिवारी सकाळी ते गॅलरीत उभे राहून दुकानदाराशी फोनवर बोलत होते. पलीकडच्या गॅलरीत शेजारीण कपडे वाळत घालत होत्या. या बाई निवृत्त नर्स, सगळे त्यांना सिस्टर म्हणत. सिस्टरांच्या कानावर आलं ते असं:

"काल पुन्हा बावन्नवर गेलं हो! मी तर खुर्चीतच बसलो... नाही, सकाळी एकदम नव्वद! ओल्या फडक्यानं आतून पुसून काढलं... सुजलंय, हो, चांगलंच सुजलंय. उघडतच नाही आता... नाही नाही, वास चांगला येतोय!"

सिस्टरांच्या हातातली चादर खाली रस्त्यावर पडली. नाडी बावन्न, मग नव्वद! आतून पुसलं! सुजलंय! चांगला वास कशाचा, ते मात्र तीस वर्षांच्या नोकरीत त्यांना कुठे भेटलं नव्हतं. त्यांनी आधी काकांच्या मुलीला फोन केला आणि मग रक्तदाबाचं यंत्र घेऊन काकांच्या दारावर थडकल्या.

"बसा! हात पुढे!"

"अहो सिस्टर, मला काही..."

"बोलायचं नाही!" त्यांनी मनगट पकडलं. काका मुळात घाबरलेले, त्यात सिस्टरांची पकड. "एकशे बारा! आणि काल बावन्न होती ना?"

"काल बावन्न होता तो काटा हो! पेटीचा!"

"छातीची पेटी, समजलं मला. सूज कुठेय?"

"झाकणाला!"

सिस्टरांनी त्यांच्याकडे अशी नजर टाकली की आता डोक्याचंही काहीतरी लिहून घ्यावं लागणार.

तासाभरात दारात गाडी थांबली. मुलगी धावत वर आली, मागून धापा टाकत व्याही. रविवारी यायचे ते शनिवारीच हजर!

"बाबा! काय झालं? कुठे दुखतंय?"

"कुठेही नाही! पेटीचं झाकण फुगून बसलंय, एवढंच!"

सगळा उलगडा व्हायला पाव तास लागला. तेव्हा कुठे सिस्टरांनी यंत्राचा पट्टा सोडला, तोही जरा नाराजीनंच. मुलगी खुर्चीत बसली, डोळे पुसले, आणि मग तिचा आवाज बदलला. "बरं. आलोच आहोत, तर आजच बघू. उघडा पेटी."

"उद्या रविवार आहे. पैज उद्याची आहे!"

"बाबा. उघडा."

काकांनी ओढलं. झाकण हलेना. महिनाभर इतकं पाणी प्यायलेलं लाकूड फुगून बसलं होतं. सिस्टरांनी पेटी धरली, काकांनी झाकण धरलं, मुलीनं काकांना धरलं. छे!

"सरका," व्याही म्हणाले. त्यांनी बाह्या सरसावल्या, चष्मा चढवला, पेटी गुडघ्यांत धरली. "खेचायचं नसतं. आधी हळूहळू हलवायचं. या बाजूला... त्या बाजूला... थोडं लागेल हं..." हे ते पेटीला सांगत होते! "झालं, झालं, आता झालंच..." आणि कर्रर्र करून झाकण निघालं.

सुवासिक लाकडाचा वास खोलीभर पसरला. सकाळपासून झाकण उघडलंच नव्हतं, आणि काटा बरोबर सत्तरवर होता. केसभर इकडे नाही, केसभर तिकडे नाही.

"बघ!" काका ओरडले. "सत्तर! बघ!"

"बघितलं," मुलगी म्हणाली. "सिगार कुठे आहेत?"

पेटी रिकामी होती.

काटा स्थिर झाल्याशिवाय आत काही ठेवायचं नाही! आणि काटा महिनाभर स्थिर झालाच नव्हता! काकांनी डोक्याला हात लावला. सिगारची पिशवी होती कुठे? सगळे शोधायला लागले. ती सापडली त्यांच्याच फ्रीजच्या डोक्यावर, मागच्या बाजूला, जिथे जाळीतून चोवीस तास गरम हवा वर येते. 'इथे काहीही ठेवू नका' असं हजार घरांत सांगून आलेल्या माणसाच्या फ्रीजवर!

व्याह्यांनी एक सिगार उचलून कानाशी धरला. दाबला. पायाखाली वाळलेलं पान यावं तसा आवाज आला. काका डब्यांच्या फळीकडे बघत उभे राहिले. सामान बांधायचं तर डबे कशात भरायचे?

"अं... उत्तम!" व्याही म्हणाले.

"पप्पा?" मुलगी म्हणाली.

"उत्तम मुरलाय. जाणकार लोक असाच ओढतात." त्यांनी गॅलरीत जाऊन काडी ओढली. सिगार पेटला कसला, गवताची गंजी पेटावी तसा भडकला! व्याह्यांची अर्धी भुवई गेली. खोकून खोकून ते लाल झाले, डोळ्यांतून धारा लागल्या. सिस्टर पुन्हा यंत्र घेऊन धावल्या.

"इतका... चांगला... की पाणी आलं!" व्याही म्हणाले. मग सुनेचा हात धरून खालच्या आवाजात, "अगं, बाबांना इथेच राहू दे ना. ते आपल्याकडे आले, तर मी सिगार ओढायला जाऊ कुठे?"

मुलगी हसली नाही. तिच्या हातात काकांची वही होती. पान उलटत होती. सकाळी सात, बावन्न. साडेसात, चोपन्न. आठ, त्रेपन्न, चहा घेतला. एक वाजता, साठ, जेवलो. असे सव्वीस दिवस, एकही ओळ चुकलेली नाही.

"मला वाटायचं, तुम्ही दिवसभर भिंतीकडे बघत बसता," ती म्हणाली.

"आधी बसायचो," काका म्हणाले. "आता वेळ कुठे मिळतो?"

तिनं वही मिटून टेबलावर ठेवली. "पैज हरलात हं तुम्ही. सरळ सरळ हरलात."

"हो."

"तरी राहा." मग तिनं नाक पुसलं आणि उरलेले नऊ सिगार स्वतः पेटीत ठेवले. "आणि हे झाकण महिनाभर उघडायचं नाही!"

पाच वाजता गाडी गेली. काकांनी दार लावलं, चपला मनाला येईल तशा भिरकावल्या, आणि मोठ्ठा आवाज करत तांब्याभर पाणी प्यायले. जिंकलो! घर आपलं! कुणी विचारणारं नाही!

रविवारी संध्याकाळी सात वाजता बेल वाजली. दारात व्याही. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात उशी, आणि भुवई अर्धीच.

"हिला वास आला," व्याही म्हणाले. "कोटाला, केसांना, बुटांनासुद्धा. म्हणाली, वास जाईपर्यंत घरात पाऊल ठेवायचं नाही. तीनेक आठवडे तरी लागतील म्हणते. चालेल ना?"

महिनाभर झगडून मिळवलेलं एकटं राहणं बरोबर सव्वीस तास टिकलं. काकांनी कपाळाला आठ्या घातल्या, बॅग आत घेतली, आणि गॅसवर दोन कप चहाचं आधण ठेवलं. खरं सांगायचं तर ते सव्वीस तासही जरा जास्तच झाले होते.